पवनचक्क्या फोटोत काड्यांसारख्या का दिसतात? साक्री पट्ट्यातल्या अनुभवातून सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही धुळ्याहून साक्रीच्या पुढे छडवेल-ब्राह्मणवेल भागात दोन फेऱ्या केल्या आणि चारशेच्या आसपास फोटो काढले. जागेवर उभं असताना छाती दडपते, पण घरी येऊन स्क्रीनवर पाहिलं की आकाशात पांढऱ्या काड्या खोचल्यासारखं दिसतं. जवळ कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 मिमीची किट लेन्स आहे. आता वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी लेन्स घ्यावी, की लांबचं जवळ आणणारी 70-300, असं तुम्ही विचारलंय.

लेन्सचं उत्तर देतो, पण शेवटी. तुमची अडचण लेन्सची आहे असं मला वाटत नाही. मी या भागात बरीच वर्षं फोटो काढतोय, आणि सुरुवातीची दोन वर्षं माझे फोटो अगदी तुम्ही वर्णन केलेत तसेच होते. पवनचक्कीखाली उभं राहिल्यावर ती मोठी वाटते, कारण तिचं टोक पाहायला मान मागे टाकावी लागते, पात्यांचा तो ‘सूं-सूं’ आवाज अंगावर येतो, आणि रस्त्यापासून तिच्या पायापर्यंत चालायला दहा मिनिटं लागलेली असतात. यातलं काहीच फोटोत उतरत नाही. फोटोला एकच गोष्ट कळते: हे त्याच्यापेक्षा किती पट मोठं. तुमच्या फोटोत ‘त्याच्या’ची जागा रिकामी आहे. खाली माळ, वर आकाश आणि मध्ये पवनचक्की. मग पाहणाऱ्याने मोजायचं कशाशी?

दुसरी उणीव वाऱ्याची. पवनचक्की वाऱ्यासाठी उभी आहे आणि फोटोत वारा कुठेच नाही. या दोन गोष्टी सुधारल्या की तुमच्या आहे त्या कॅमेऱ्यावरही फरक दिसेल. मात्र यातलं बरंच काही महिन्यावर, वेळेवर आणि तुम्हाला कुठपर्यंत जाऊ देतात यावर अवलंबून आहे. तुम्ही महिना लिहिलेला नाही, म्हणून मी दोन्ही हंगामांचं सांगतो.

आधी आकार. या पट्ट्यात वेगवेगळ्या क्षमतेची यंत्रं आहेत, सगळी एका मापाची नाहीत. हिशोबासाठी 2.1 मेगावॉटचं एक प्रचलित यंत्र धरू. त्याच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास 88 मीटर आणि हब, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग, जमिनीपासून साधारण 80 मीटरवर. पातं उभं वर आलं की टोक 124 मीटरवर जातं. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे 73 मीटर आहे, म्हणजे हे त्याच्या दीडपटीहून जास्त झालं. आता एवढं धूड एक किलोमीटरवरून किट लेन्सच्या 18 मिमीवर टिपलं, तर फोटोच्या उंचीचा जेमतेम सातवा भाग व्यापतं. 55 वर टिपलं तर जवळजवळ निम्मा. माझा अंदाज आहे की तुमचे बहुतेक फोटो 18 ते 24 मिमीवर आहेत. सगळ्या पवनचक्क्या एका फोटोत घेण्याचा मोह तिथे प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. फोटोची माहिती उघडून एकदा तपासा.

आता मोजपट्टी. फोटोग्राफीच्या वर्गात सांगतात, ‘समोर माणूस उभा करा’. ते अर्धंच खरं आहे. पावणेसहा फुटांचा माणूस तुमच्यापासून 14 मीटरवर आणि पवनचक्की एक किलोमीटरवर असेल, तर फोटोत दोघं सारख्याच उंचीचे दिसतात. म्हणजे तुम्ही पवनचक्कीला माणसाएवढं करून ठेवलंत. उलट माणूस पवनचक्कीच्या पायाशी उभा केला तर प्रमाण साधारण एकास सत्तर होतं आणि माणूस ठिपकासुद्धा राहत नाही. मला उपयोगी पडलेली जागा मधली आहे. पवनचक्की किलोमीटरभर लांब असताना माणूस, बैलगाडी किंवा जनावरं 70 ते 100 मीटरवर हवीत. मग माणूस पवनचक्कीच्या पाचव्या ते सातव्या हिश्श्याएवढा येतो. त्याची चाल, डोक्यावरचा भारा, हातातली काठी दिसते आणि मागचं यंत्र त्याच्यावर झेपावलेलं वाटतं. पाहणाऱ्याला हे अंतर समजावं यासाठी दोघांच्या मधली जमीनही दिसायला हवी. तीच झाकली तर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

माणसापेक्षाही भरवशाची मोजपट्टी म्हणजे निंबाचं झाड. पवनचक्कीच्या आसपासच्या बांधावर चाळीसेक फुटांचा निंब असेल तर तो तिच्या दहाव्या हिश्श्याएवढा दिसतो, आणि आपल्याकडच्या माणसाला निंब केवढा असतो हे सांगावं लागत नाही. तो आयुष्यभर त्याच्या सावलीत बसलेला असतो. विजेचा खांब, पत्र्याचं खळं, शेतातलं घर हेही चालतं, पण ते पवनचक्कीच्या पायाजवळ हवं, तुमच्या जवळ नको. माझ्या वहीत अशा झाडांची यादी आहे: कोणतं झाड कुठल्या बांधावर, त्याच्या मागे कोणती पवनचक्की येते आणि ते पाहायला कुठे उभं राहायचं. नवीन माणसाला मी सांगतो की पहिल्या फेरीत झाडंच शोधायची.

ठेलारी मेंढपाळांचे कळप या बाबतीत फार मोलाचे आहेत. पाऊसकाळात ते घराजवळच्या माळांवर असतात आणि पाऊस संपला की कळप घेऊन बाहेर पडतात. एका सप्टेंबरात मी एका आजोबांसोबत दिवसभर फिरलो. कळप पुढे सरकत होता तसं माझं अंतर आपोआप बदलत होतं: तीस मीटर, साठ, शंभर, दीडशे. मी प्रत्येक टप्प्यावर तीच चौकट टिपत गेलो. घरी सगळे फोटो ओळीने लावल्यावर मला वरचं गणित पहिल्यांदा समजलं. तीस मीटरवर मेंढरांचा फोटो होता, दीडशेवर पवनचक्कीचा, आणि ऐंशीच्या आसपास दोघांचा. तुम्हीही एकदा हे करून पाहा. कळप नसेल तर बरोबरच्या मित्राला चालायला लावा.

आता वाऱ्याकडे येतो. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथेच सगळ्यांचं चुकतं.

पवनचक्कीचं डोकं फिरतं. मनोऱ्यावरची पेटी, तिला नॅसेल म्हणतात, वारा येईल त्या दिशेला स्वतःहून तोंड करते. म्हणजे पवनचक्कीला ‘समोर’ आणि ‘मागे’ असतं आणि ते हंगामाप्रमाणे बदलतं. आपल्याकडे जोराचा वारा साधारण मे ते सप्टेंबर, आणि तो पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून येतो. त्या काळात सगळ्या पवनचक्क्यांची तोंडं पश्चिमेकडे असतात. पश्चिमेला उभं राहिलात तर तिन्ही पात्यांचा पूर्ण गोल दिसेल. पूर्वेला गेलात तर पेटीची पाठ दिसेल, पात्यांच्या मध्ये मनोरा येईल. उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून पाहिलं तर पात्यांचा गोल चपटा होऊन उभी रेघ होईल. हिवाळ्यात वारा मंद होतो आणि बऱ्याचदा उत्तर-पूर्वेकडून येतो. तेव्हा सगळं उलटं होतं, शिवाय कित्येक यंत्रं थांबलेली असतात. साधारण ताशी 12-13 किलोमीटरच्या खाली वारा असेल तर पाती फिरतच नाहीत. थांबवलेल्या यंत्राची पाती स्वतःभोवती वळवून वाऱ्याला धारेकडून दिलेली असतात, म्हणून समोरून ती बारीक आणि मरगळलेली दिसतात. तुमच्या काड्यांपैकी काही या काड्या असणार.

यावर सूर्य चढवा. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात आपल्या 21 अंश अक्षांशावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. 25-26 मे आणि 17-18 जुलैच्या सुमारास तर बरोबर डोक्यावर. त्या उजेडात गोल मनोरा पट्टीसारखा सपाट दिसतो, कारण त्याची एक बाजू उजळ आणि एक अंधारी असं काही उरतच नाही. सकाळी सूर्य पूर्वेला आणि पवनचक्कीचं तोंड पश्चिमेला. म्हणजे तोंड पाहायला गेलात तर उजेड समोरून तुमच्या डोळ्यांत येतो आणि सगळं काळं पडतं. तुम्ही ‘सकाळचा उजेड चांगला असतो’ म्हणून सहाला पोचत होतात ना? पावसाळी हंगामात इथे संध्याकाळ हवी. जूनमध्ये सूर्य मावळताना ठीक पश्चिमेला नसतो, पंचवीसेक अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. तुम्ही पश्चिमेला उभे राहून पूर्वेकडे पाहत असाल, तर तो तुमच्या डाव्या खांद्यामागे येतो. पाती तुमच्याकडे तोंड करून, त्यांच्यावर तिरपा सोनेरी उजेड, आणि मनोऱ्याची उजवी कड हळूहळू सावलीत जाणारी. आता तो मनोरा गोल दिसतो.

आणि मग मृगाच्या आगेमागे वर्षातले ते थोडे दिवस येतात ज्यांची मी वाट पाहतो. रोहिणीच्या शेवटापासून मृगाच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण जूनचा पहिला पंधरवडा. दुपारनंतर ढग भरून येतात, कुठेतरी वळवाचा पाऊस पडून जातो आणि आभाळ पूर्वेकडे सरकतं. पश्चिमेला क्षितिजाजवळ फट उघडते आणि त्यातून मावळतीचं ऊन आडवं येतं. समोर पूर्वेला शिसवी रंगाचं आभाळ, त्यावर पेटलेल्या पांढऱ्या पवनचक्क्या, खाली नुकती भिजलेली काळी जमीन, आणि पावसाने धूळ बसलेली असल्यामुळे दहा-दहा किलोमीटरपर्यंत लख्ख हवा. वारा, सूर्य आणि ढग या तिघांच्या दिशा जुळण्याची ही वेळ आहे. नशीब असेल तर इंद्रधनुष्यही त्याच बाजूला उमटतं, कारण ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतं. हा उजेड दहा मिनिटं टिकतो, कधी चारच. तेव्हा जागा शोधत फिरायला वेळ नसतो, ती आधीच वहीत हवी. वर्षातून असे दिवस मला चार-पाच मिळतात, एखाद्या वर्षी एकही नाही.

पांढऱ्या ढगाळ आभाळासमोर मात्र पवनचक्की हरवते. तिचा रंगच मुळी दुरून डोळ्यांत भरू नये असा फिकट ठेवलेला असतो. अशा दिवशी मी तिचा फोटो काढायच्या भानगडीत पडत नाही. जमिनीवरच्या गोष्टी टिपतो: पायाशी पडलेली सावली, मनोऱ्याच्या दाराजवळ बांधलेली गाय, पवनचक्कीपर्यंत जाणारा मुरुमाचा रस्ता आणि त्यावरून शाळेतून येणारी पोरं. हे रस्ते यंत्रं वर चढवण्यासाठी केलेले, आता गावंही ते वापरतात. तोही पवनचक्कीचाच फोटो आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: जून ते सप्टेंबर संध्याकाळी, पवनचक्क्यांच्या पश्चिमेला, तोंड पूर्वेकडे करून उभं राहायचं. मोजपट्टीचं झाड किंवा माणूस मधल्या अंतरावर हवा. हिवाळ्यात जायचंच असेल तर वारा पूर्वेकडचा आहे का ते पाहून सकाळी जा.

आता शटर स्पीड, म्हणजे फोटो काढताना सेन्सरवर उजेड किती वेळ पडतो ते. तुम्ही 1/1000 ठेवलं होतं असं लिहिलंय. पाती संथ फिरताना दिसतात, पण ती डोळ्यांची फसगत आहे. 88 मीटरचं वर्तुळ मिनिटाला 16 फेरे घेत असेल तर पात्याचं टोक सेकंदाला जवळपास 74 मीटर जातं, म्हणजे ताशी 265 किलोमीटरच्या आसपास. तुमच्या 1/1000 सेकंदात ते फक्त सात सेंटिमीटर हललं. पातं गोठलं, आणि फिरणाऱ्या पवनचक्कीत व बंद पवनचक्कीत फरक उरला नाही. उलट टोकाला जाऊन दहा-वीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलंत तर पाती जवळजवळ नाहीशी होतात, कारण आकाशाचा प्रत्येक तुकडा पात्याने फारच थोडा वेळ झाकलेला असतो. उरतो नुसता खांब. मला पात्याचा आकार ओळखू यावा पण टोकाकडे तो विरघळत जावा असं हवं असतं, आणि त्यासाठी पातं बारा-पंधरा अंश फिरेल एवढा वेळ पुरतो.

तो वेळ काढायची माझी एक साधी रीत आहे. मनोऱ्यासमोरून दहा पाती जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा आणि त्या आकड्याला शंभराने भागा. साडेबारा सेकंद लागले तर 0.125 सेकंद, म्हणजे 1/8. दोन पात्यांमध्ये 120 अंश असतात, म्हणून दहाव्या हिश्श्यात 12 अंश होतात, एवढंच यामागचं गणित. लहान यंत्रं जोरात फिरतात, मोठी संथ. रीत दोघांना चालते. या आकड्यापासून सुरुवात करून एक पायरी वर आणि एक खाली असेही फोटो घ्या. तुमच्या डोळ्याला कोणतं रुचतं ते तुम्हीच ठरवा. मला 1/8 ते 1/6 आवडतं, माझ्या एका मित्राला 1/15 पेक्षा जास्त धूसरपणा चालत नाही.

भर उन्हात 1/8 मिळणार नाही. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि लेन्सचं छिद्र एफ/11 वर उन्हात 1/200 च्या आसपास येतं. तिथे पाच स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची काळपट काच, ज्यावर 32 लिहिलेलं असतं, लावला की 1/6 मिळतं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मावळतीच्या उजेडात तीन स्टॉपचा पुरतो, कधी काहीच लागत नाही. नवी लेन्स घेण्याआधी पैसे इथे घाला. फिल्टर न घेता छिद्र एफ/22 पर्यंत बंद केलं तर फोटो मऊ पडतो, ते करू नका. उजळ पात्यांवरचा तपशील जळू नये म्हणून एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. सावल्या नंतर उचलता येतात, जळलेला पांढरा परत येत नाही.

एक स्टॉप इकडे-तिकडे झाला तरी चालतं, पात्यांच्या ठेवणीकडे मात्र लक्ष द्या. एक पातं सरळ वर आणि दोन खाली पसरलेली असताना यंत्र उंच वाटतं. एक पातं सरळ खाली आलं की ते मनोऱ्यात मिसळतं आणि दोनच पाती दिसतात. ही ठेवण सव्वा सेकंदात पुन्हा येते. एकच पवनचक्की मुख्य असेल तर सलग फोटो काढत राहा आणि नंतर निवडा. चौकटीत दहा असतील तर फक्त सर्वात पुढचीकडे लक्ष द्या, बाकीच्या जशा असतील तशा.

मोबाइलवर काढलेल्या फोटोंत पाती वाकडी आल्याचं तुम्ही लिहिलंय. तो तुमचा दोष नाही. मोबाइलचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणी न वाचता ओळीओळीने वाचतो, आणि तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं. कॅमेऱ्यातही ‘सायलेंट’ किंवा इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की हेच होतं. मेकॅनिकल शटर वापरा.

यात एक अडचण आहेच. पाती फिरवणारा वारा तुमचा ट्रायपॉडही हलवतो, आणि 1/8 वर मनोरा हलला तर सगळं वाया. मधली दांडी वर काढू नका, ट्रायपॉडचे पाय थोडेच लांब काढा, बुटकं राहा. खाली पिशवी लटकवायचा सल्ला सगळे देतात, पण आपल्या माळावर ती झोपाळ्यासारखी हलते आणि ट्रायपॉडलाही हलवते. तिचा तळ जमिनीला टेकेल इतकी दोरी सैल ठेवा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात टाका, तो फडफडतो. मी गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावून तिच्या आडोशाला बसतो. झुळुकीच्या मध्ये दोन-तीन सेकंद वारा श्वास घेतो, तेव्हा बटण दाबायचं. दहापैकी चार फोटो धारदार आले तरी मला पुरे होतात.

आणि वारा जमिनीवरही दाखवा. भाद्रपदात कणसं आलेली बाजरी वाऱ्याने एका दिशेला झुकते. 1/8 वर ती पाण्यासारखी वाहताना दिसते आणि मागची पाती त्याच वाऱ्याने फिरताना. डोंगरउतारावरचं पिवळं गवत, निंबाच्या एका बाजूला वळलेल्या फांद्या, बाईच्या पदराचं टोक, जूनच्या कोरड्या वावटळीची धूळ हे सगळं चालतं. मग पवनचक्की वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

मे महिन्याबद्दल थोडंच लिहितो. पारा 43-44 वर असताना जमिनीवरून गरम हवा उठते आणि लांबच्या लेन्समध्ये मनोरे थरथरतात, वितळल्यासारखे दिसतात. कितीही भारी लेन्स असली तरी यावर इलाज नाही. सूर्योदयानंतरचा एखादा तास सोडला तर मे महिन्यात जवळचेच फोटो काढा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उलट त्रास असतो, दरीत धुराचा आणि धुळीचा थर बसतो. पण तो थर मला आवडतो. त्यातून मनोऱ्यांचे वरचे भाग बाहेर आलेले दिसतात.

इथली जमीन नीट पाहा. धुळे-नंदुरबार पट्ट्यात दक्खनच्या लाव्हा थरांना छेदून वर आलेल्या कठीण दगडाच्या लांबट भिंती आहेत. भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि या भिंती साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अरुंद डोंगररांगा होऊन उरल्या. फोटोसाठी हा आयता कणा आहे. दक्षिणेकडून किंवा उत्तरेकडून पाहिलं तर रांग चौकटीभर आडवी पसरते. तिच्या पश्चिम टोकाला जाऊन तिच्या अंगाने पूर्वेकडे पाहिलं तर आजूबाजूच्या पवनचक्क्या एकामागे एक दाटतात. हा दाटपणा लेन्समुळे येत नाही, तुम्ही लांब गेल्यामुळे येतो. 200 मीटरवर एक आणि 700 वर दुसरी असेल तर पुढची साडेतीनपट मोठी दिसते. तुम्ही दोन किलोमीटर मागे गेलात की त्याच दोघी जवळजवळ सारख्या दिसतात आणि गर्दी झाल्यासारखं वाटतं. लांब लेन्स फक्त तो तुकडा कापून मोठा करते.

लोकांबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. ज्या जमिनीवर आपण ट्रायपॉड ठेवतो ती कुणाच्या तरी पोटाची जमीन आहे. पवनचक्क्या आल्या तेव्हा जमिनीचे व्यवहार झाले, कुणाला मोबदला मिळाला, कुणाला तो कमी वाटला, वनजमिनींवरून वाद झाले. त्यामुळे तीन पायांवर यंत्र मांडून बसलेला परका माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, “काबरं भाऊ, मोजणी शे का?” त्या प्रश्नामागे भीती असते. मी आधी शेताच्या मालकाला भेटतो, कॅमेऱ्यात काय दिसतं ते त्याला दाखवतो आणि मगच मांडामांड करतो. एकदा ओळख नसलेल्या बांधावर न विचारता बसलो. लोक जमले आणि दोन तास समजावण्यात गेले. चूक माझीच होती. माणसांचे फोटो काढले असतील तर पुढच्या फेरीत छापून नेऊन द्या. मी धुळ्यातून साध्या आकाराचे प्रिंट काढून नेतो, आणि ते ज्या घरात लागले त्या घरच्यांनी मला नंतर कितीतरी जागा स्वतःहून दाखवल्या.

पवनचक्कीच्या पायाभोवतीचा चौथरा आणि आतला रस्ता बहुतेक ठिकाणी कंपनीच्या ताब्यात असतो, तिथे पहारेकरी थांबवतात. सार्वजनिक रस्त्यावर मागे या, वाद घालू नका. वरच्या हिशोबाप्रमाणे तुम्हाला तिथे जायची गरजही नाही. विजा चमकायला लागल्या की मात्र ताबडतोब गाडीत बसा. उघड्या टेकडीवर ट्रायपॉड धरून उभं राहण्याएवढा कोणताही फोटो मोलाचा नाही.

ड्रोनबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंत. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये 400 फूट, म्हणजे सुमारे 120 मीटरच्या वर परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि आपण धरलेल्या यंत्राचं टोकच 124 मीटरवर आहे. फिरणाऱ्या पात्यांच्या मागे हवा लांबपर्यंत घुसळलेली असते, तिथे लहान ड्रोन भरकटतो. नकाशावर झोन तपासा, ड्रोनची नोंदणी करा, वारा येतो त्या बाजूला आणि बरंच लांब राहा. मी स्वतः ड्रोन कमी वापरतो, कारण वरून पाहिलं की पवनचक्की पुन्हा लहान होते.

आता लेन्स. वाइड घेऊ नका. पायाशी उभं राहून वर पाहत काढलेला फोटो एकदा छान वाटतो, मग सगळे तसेच येतात. शिवाय कॅमेरा वर तिरका केला की मनोरा मागे पडल्यासारखा दिसतो. 70-300 जुनी, चांगल्या स्थितीतली मिळाली तर घ्या. तुमच्या कॅमेऱ्यावर 135 मिमीच्या आसपास एक किलोमीटरवरची पवनचक्की चौकट पूर्ण भरते, त्यामुळे तुमचं बरंचसं काम 70 ते 150 मध्येच होईल. 300 चा उपयोग क्वचित. पण ती घेण्याआधी 55 मिमीवर, फिल्टर लावून, संध्याकाळच्या तीन फेऱ्या करा.

त्या फेऱ्यांतले पाच-सहा फोटो पाठवा. प्रत्येकाबरोबर वेळ, वारा कुठून होता, तुम्ही कुठे उभे होतात आणि दहा पात्यांना किती सेकंद लागले एवढं लिहा. ते हाती असलं की पुढच्या फेरीत नेमकं कुठे सरकायचं ते मला सांगता येईल.